दोन बोटं बाहेर

मी अंगठ्याला थुंकी लावली, कट्यारीच्या पात्यावर घासली आणि अंगठा दाराच्या उजेडात धरला. अंगठा लाल झाला.

"ही सिनेमावाल्यांना दे," मी म्हणाले. "चार महिन्यांमागं गंज चढवलाय हिच्यावर. वास घे. तेजाबाचा वास अजून गेला न्हाई."

बाबालाल शिकलगार नुसता हसला. त्याच्या बापजाद्यांचा धंदा हत्यारांना धार लावायचा. आता तो जुनी हत्यारं घ्यायचा आणि शौकिनांना विकायचा. त्यानं दुसरी कट्यार पुढं केली. हिच्या मुठीवर सोन्याची वेलबुट्टी होती. मी नखानं एक पान खरवडलं, तर नखात पिवळी भुकटी आली.

"आणि हे सोनं तुझ्या बायकोला घाल," मी म्हणाले. "मला बघून गिऱ्हाईक येडं हाय असं वाटलं का तुला?"

आमचे हे बाकावर बसले होते. ते म्हणाले, "बाबालाल, आता आतली काढ. ही बाई दुकान बंद होईपर्यंत उठायची नाही."

शाळा मी तिसरीत सोडली. पण लग्नाआधी बापाच्या आणि लग्नानंतर नवऱ्याच्या खाणीवर मी भाता ओढला आहे, छिन्न्या तापवून त्यांना पाणी दिलं आहे. पोलाद कुठलं आणि नुसतं लोखंड कुठलं, हे मला वाजवून कळतं. पुढं आमचे दोन खडी क्रशर झाले, डंपर झाले, कोरेगावात बंगला झाला. बाबालालला त्यातला क्रशर आणि बंगला ठाऊक होता, भाता नव्हता.

कट्यार मला हवी होती थोरल्या जालिंदरच्या लग्नासाठी. आमच्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, तिच्या टोकाला लिंबू खोचतात, आणि लग्न लागून घरी येईपर्यंत ती हातातून सोडायची नाही अशी रीत. ज्यांच्या घरात कट्यार नसते ते मंडपवाल्याकडून पत्र्याची आणतात. माझ्या लग्नात ह्यांच्या हातात घरातली भाजीची सुरी होती. पण ते तेव्हाचं.

जालिंदरला आम्ही वाघेरीच्या देशमुखांची मुलगी केली होती. चारुशीला तिचं नाव. बाप लहानपणीच गेलेला, आजोबांनी वाढवलेली. आजोबांना सगळा मुलूख तात्यासाहेब म्हणायचा. घराणं मोठं, वाडवडिलांच्या नावाला वजन, आणि घरात बाकी काही उरलेलं नाही हे आम्हालाही माहीत होतं. म्हणूनच तर देशमुखांची पोर खडीवाल्याच्या घरात येत होती. बैठकीत मी सरळ सांगितलं होतं. लग्न मुलीच्या दारात, जेवण मुलीकडचं, आणि आमचा गोतावळा मोठा आहे, तेव्हा पंगतीत जिलबी कमी पडलेली मला चालायची नाही. तात्यासाहेबांनी नुसती मान हलवली. "होईल तसं," म्हणाले.

त्यावर चारुशीलाची चुलत आत्या, पुण्यातच वाढलेली, पदर सारखा करत गोड आवाजात म्हणाली, "आणि कट्यार तुमची घरचीच असेल ना? की मंडपवाल्याला सांगायची?"

सगळी बैठक ऐकत होती. मी म्हणाले, "घरची. पाच पिढ्यांची."

झालं. तोंडातून गेलं ते गेलं. येताना गाडीत आमचे हे म्हणाले, "पोराच्या हातात पहार दे की. ती खरंच आपल्या घरची आहे." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

बाबालालनं आतून एक गाठोडं आणलं, पण सोडेना. "आक्का, ही दाखवायला काढलीय. विकायला न्हाई. हिचं मुंबईचं गिऱ्हाईक ठरलंय."

"ठरलंय तर काढलीस कशाला? माझी परीक्षा घेतोस?"

त्यानं फडकं सोडलं.

मी ती उचलली आणि मला लगेच कळलं. वजन मुठीत बसलं. कट्यारीची मूठ दोन आडव्या दांड्यांची असते, त्यात बोटं घालून धरायची. ह्या दांड्या मधोमध बारीक झाल्या होत्या, जात्याचा खुंटा हातानं झिजतो तशा. कानशीनं घासलेलं असं दिसत नाही. मी थुंकी लावून पुसलं, अंगठा कोराच राहिला. पात्यावर जो काळेपणा होता तो आत मुरलेला होता. नखानं टिचकी मारली, नाद बराच वेळ राहिला. आणि मग मी टोक बघितलं.

टोकाचं बोटभर पातं वेगळ्याच रंगाचं होतं. राखेसारखं, खडबडीत, बारीक बारीक खड्ड्यांचं.

"हे तुला दिसलं का?" मी बाबालालला विचारलं.

"गंजानं खाल्लंय थोडं," तो म्हणाला. "म्हणाल तर घासून देतो."

"हात लावलास तर बघ. हे लिंबानं खाल्लंय. ही नवरदेवाच्या हातची आहे. एका लग्नात असं होत न्हाई, लग्नंच्या लग्नं लागल्याशिवाय होत न्हाई. नकली करणारा सगळं पातं काळं करील, पण त्याच्या डोक्यात हे येणार न्हाई."

बाबालाल माझ्याकडं बघत राहिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पुण्याच्या आत्यानं येऊन बघावं, मला काय कळतं ते, असं वाटलं.

"कुठल्या घरातली?"

"ते सांगायचं न्हाई असं बोललोय मी. आणि ह्या मुलखात विकायची न्हाई, असंपण बोललोय. म्हाताऱ्या माणसाला शब्द दिलाय, आक्का."

"लग्नाची कट्यार विकणाऱ्याला शब्द देतोस? ज्यानं पोटच्या पोरांची कट्यार बाजारात आणली त्याला कसली आली अब्रू?"

त्यानं गाठोड्यातलं म्यान पुढं ओढलं. मग म्हणाला, "हिच्यात एक खोट पण हाय. म्यानात पुरती जात न्हाई." त्यानं करून दाखवलं. लाल मखमलीचं जुनं म्यान, आणि कट्यार आत जाता जाता अडली. दोन बोटं पातं बाहेर राहिलं. "मालक बसवायचे. मला काय जमलं न्हाई. जोर केला तर म्यान फुटंल."

बाबालालला वाटलं असेल, खोट दाखवली की मी सोडून देईन. मी उलट ती खोट धरून बसले आणि किंमत पाडली. पाडली म्हणजे चांगलीच पाडली. शब्दाचं काय ते तो पुन्हा बोलायला लागला, तेव्हा मी त्याला आठवण करून दिली की त्याच्या पोरग्याला आमच्या क्रशरवर कुणी लावलं होतं.  कट्यार फडक्यात बांधून त्यानं माझ्या हातात न देता ह्यांच्या हातात दिली.

घरी आल्यावर मी गोष्ट तयार केली. बसून तयार केली, जसं रुखवत मांडतात तसं. ह्यांचे खापरपणजोबा गोंदजीबाबा, साताऱ्याच्या लष्करात होते, त्यांनी गडावरच्या लढाईत पराक्रम केला आणि छत्रपतींच्या हातून ही मिळाली. गोंदजी नावाचा आमच्यात खरंच कुणी होता. तो पाथरवट होता. आणि म्यानात न जाणाऱ्या दोन बोटांचं मी सोनं केलं. आमच्यात कट्यार पुरती म्यान करायची नाही, दोन बोटं बाहेर ठेवायची, वैरी कधी येईल सांगता येत नाही म्हणून. जालिंदरनं ते ऐकलं आणि विचारलं, "आई, हे खरं का?" मी म्हणाले, "तू नवरदेव आहेस. नवरदेवानं गप बसायचं असतं."

लग्न वाघेरीत, देशमुखांच्या दारातल्या मांडवात. मांडव बघूनच माझं समाधान झालं. कनातींना झालर होती, सनईवाला खरा होता, टेपवरचा नव्हता. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन. नवरदेवाला पाटावर बसवून मुलीकडचे त्याची पूजा करतात. जालिंदर फेटा बांधून बसला, हातात कट्यार, टोकाला पिवळंधमक लिंबू. मांडीवर म्यान.

बाप नसल्यानं पूजेला तात्यासाहेबच बसले. वाकून त्यांनी जालिंदरचे पाय धुतले. गंध लावलं. मग कट्यारीला गंध लावायला त्यांनी हात पुढं केला आणि तो तिथंच थांबला.

मी समोरच बसले होते. मला वाटलं, म्हातारा दिपला.

"कट्यार फार जुनी दिसते," आत्या मागून म्हणाली. ह्या खेपेला तिच्या आवाजात गोडवा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.  

तेवढंच हवं होतं मला. मी सुरू केलं. गोंदजीबाबा, गड, छत्रपती. बायका पुढं सरकून ऐकायला लागल्या. सनईवालाही थांबला. आमचे हे मान खाली घालून सुपारी कातरत होते. तात्यासाहेबांनी पूजेपुरती जालिंदरच्या हातातून कट्यार घेतली होती आणि ती दोन्ही तळहातांवर धरून ते माझं बोलणं ऐकत होते. सबंध ऐकलं.  त्यांची ती शांतता बघून मला चेव आला. गोष्टीत नव्हतं तेही मी बोलले.

मी म्हणाले, "दुष्काळात आमच्या घरानं उपास काढले, पण ही विकली नाही. लग्नाची कट्यार विकणारी घरं वेगळी. तसल्या घरात आम्ही पाणीसुद्धा पीत नाही."

बायकांनी माना डोलावल्या.

तात्यासाहेबांनी गंधाचं बोट पात्याला टेकवलं. टोकाचं लिंबू काढून तबकात ठेवलं. पातं उपरण्याच्या टोकानं पुसलं, अगदी सावकाश. मग म्यान उचललं. मी सांगणार होते की आमच्यात पुरती म्यान करत नाहीत, दोन बोटं बाहेर ठेवतात, पण मला बोलायला वेळच मिळाला नाही. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कट्यार अर्धी आत सारली, जराशी मागं ओढली, मनगट डावीकडं वळवलं आणि सोडून दिली. ती आपल्या वजनानं आत गेली. तळाला टेकल्याचा बारीक आवाज झाला.

मुठीपर्यंत आत. बोटभरसुद्धा बाहेर नाही.

बाकीच्यांना त्यात काही दिसलं नाही. म्हाताऱ्यानं हत्यार नीट ठेवलं, इतकंच. पण ह्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. जालिंदरनं माझ्याकडं बघितलं. आणि तात्यासाहेबांनाही तेव्हाच कळलं की आपल्या हातांनी काय केलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईनं कट्यार परत उपसली, लिंबू खोचलं, जालिंदरच्या हातात दिली आणि म्हणाले, "चला, आरती आणा."

पकडली गेले होते मी. आणि तोंड लपवत होता तो माणूस.

आरती झाली, पान-सुपारी झाली. पंगत बसली. मला वरच्या पाटावर बसवलं, ताटाभोवती रांगोळी. वाढपी आला आणि त्यानं जिलबी वाढली. आग्रह करून वाढली, मी नको म्हणाले तरी आणखी वाढली. जिलबी कमी पडता कामा नये असं सांगणारी मीच होते. कनातींची झालर, सनईवाला, ताटातली जिलबी, सगळं एकदम कळलं मला. देशमुखांच्या घरात विकण्याजोगं काय उरलं होतं, ते माझ्या पोराच्या हातात होतं. मी मागितलेल्या जेवणासाठी त्यांनी ते विकलं, आणि मी ते त्यांनाच दाखवायला विकत आणलं. वर किंमत पाडली.

मी ताटावरून उठू शकत नव्हते. वरमाय उठली तर पंगत मोडते. मी ती जिलबी खाल्ली.

हात धुऊन मी ह्यांना बाजूला घेतलं. ह्यांनी मला बोलूच दिलं नाही. "मला कशाला सांगतेस?" म्हणाले. "त्यांना जाऊन सांग."

तात्यासाहेब मागच्या अंगणात होते, पाण्याच्या पिंपाजवळ. उष्टी भांडी मोजून घ्यायला एक गडी होता, त्याला त्यांनी मला बघून आत पाठवलं. आयुष्यात मी कुणासमोर शब्दाला अडले नव्हते. तिथं अडले. शेवटी म्हणाले, "रातोरात ती परत देते. तुमची आहे ती. कुणाला कळणार नाही, मी पोराला मंडपवाल्याची—"

"नको," ते म्हणाले. "विहीणबाई, हळद लागलेल्या पोराच्या हातातून कट्यार काढायची नसते. तुम्हाला हे मी सांगायला हवं?"

"मी जे बोलले—"

"मी ती रीतसर विकली. तुम्ही रीतसर घेतली. त्यात कुणी चोर नाही." त्यांनी पिंपावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. "बाबालालला मी म्हणालो होतो, लांब कुठंतरी दे. ते माझ्यासाठी. मला ती पुन्हा दिसायला नको होती. आता दिसली, आणि खोटं वाटेल तुम्हाला, पण बरं वाटलं. आमच्याकडं आता तिला धरणारा नवरदेव राहिलेला नाही. नातजावयाच्या हातात आहे, चांगलं आहे."

"आणि गोंदजीबाबा?" मी विचारलं. कसं विचारलं कोण जाणे.

ते हसले. वाईट हसले नाहीत, म्हणून जास्त लागलं. "असू द्या की तुमचे गोंदजीबाबा. चांगली गोष्ट आहे. मुलांना आवडेल. माझी काही हरकत नाही." मग त्यांनी पिंपातलं पाणी तांब्यात घेतलं, आणि तांब्या तसाच हातात धरून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "फक्त ते उपासाचं तेवढं गाळा. चारुशीला तुमच्या घरात राहणार आहे. तिच्या कानावर ते रोज नको."

मी हो म्हणाले. त्यांनी तांब्या माझ्या पुढं केला.

मला वाटलं तहान लागली असेल म्हणून विचारताहेत. मग आठवलं, मी मांडवात काय म्हणाले होते, तसल्या घरात पाणीसुद्धा. मी तांब्या घेतला आणि उभ्यानं सगळा प्याले. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. त्यांनी तांब्या परत घेतला आणि पालथा घातला.

तात्यासाहेब त्यानंतर दोन वर्षांनी गेले. आमच्या घरी ते कधी मुक्कामाला राहिले नाहीत, आणि सणाला आले की कट्यारीकडं बघायचे नाहीत. चारुशीला मला आजवर कधी उलटून बोलली नाही. उलटून बोलली असती तर मी तिला उत्तर दिलं असतं, मला तेच येतं. दर खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. पहार, सुतकी हातोडा, छिन्न्या, आणि मधोमध ती. पूजा झाली की कट्यार मी म्यान करत नाही, तशीच ठेवून उठते. मागून कधीतरी बघावं तर ती मुठीपर्यंत आत असते. चारुशीलाला तात्यासाहेबांनी ते शिकवलं होतं की लहानपणी बघून बघून आलं होतं, मी विचारलं नाही. आणि मांडवातलं तिनं ऐकलं होतं का, तेही विचारलं नाही. ती त्या वेळी मांडवालगतच्या ओसरीवर हळदीची बसली होती. मधे एक कनातच होती.

ह्या माघात माझ्या थोरल्या नातवाचं, यशराजचं लग्न झालं. हळद लागायच्या आधी फोटोवाला कट्यारीचे निरनिराळे फोटो काढत होता आणि यशराज माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आजी, सासरची माणसं विचारताहेत, कट्यार कुठली. तू सांगायचीस ना लहानपणी काहीतरी? नीट सांग, मला आठवत नाही."

मी म्हणाले, "तुझ्या आईला विचार."

"तिला काय माहीत? ही आपली, काटकरांची आहे ना?"

"तिला विचार म्हणते ना."

चारुशीला पलीकडं बसून ओटीचं ताट भरत होती. तिनं हात पुसले. माझ्याकडं बघितलं नाही. कट्यार मांडीवर घेतली आणि पोराला सांगायला लागली. तुझ्या आजोबांचे खापरपणजोबा, गोंदजीबाबा. साताऱ्याच्या लष्करात होते. गडावर लढाई झाली. छत्रपतींनी आपल्या हातानं दिली. माझे शब्द होते, माझ्यासारखेच थांबे घेत होती. मी भिंतीला टेकून ऐकत होते, आणि ती उपासाची जागा जवळ आली तशी मी सरळ होऊन बसले. लढाई संपली. दोन बोटं बाहेर ठेवायची रीत सांगून झाली. मग दुष्काळ आला. तो मी मांडवानंतर पुन्हा कधी सांगितला नव्हता.

"दुष्काळात?" यशराजनं विचारलं.

"दुष्काळात काही नाही," चारुशीला म्हणाली. "दुष्काळात घरातच होती ती."

आणि तिनं कट्यार आत सारली, दोन बोटं बाहेर ठेवली, आणि पोराच्या हातात दिली.